वाटा

चरईतल्या दुकानात बस्त्याव अंकल
आधी पाणी विचारतात, पैसे नंतर.
"काच किती फुटी? मासा किती इंचाचा झाला?
कपाळ फुगलं?"
फुगलं, म्हटलं. टेंगूळ आल्यासारखं.
"मग वयात आला. ग्रीन टेरर.
तिकडं दक्षिण अमेरिकेतही त्याला कुणी शेजार देत नसेल.
सोबत त्याला हवीय, की तुला?"

मी बोललो नाही.
पाच फुटांत तो एकटाच, शेपटीला नारिंगी किनार,
दिवसभर काचेतल्या स्वतःशी भांडत.

पहिले दोन एंजल मी माझ्या अकलेनं आणलेले.
सकाळी एक होता, त्याचे पंख नव्हते.
दुसऱ्याबद्दल आईला काही सांगितलं नाही.
मग कैद्याच्या पट्ट्यांचा एक कॉन्व्हिक्ट, तोही तसलाच.
तीन दिवस दोघांनी तळ उपसला
आणि चौथ्या दिवशी मी एकाला बादलीत घालून
परत ठाण्याला.

"अरे, रूपानं जवळचा कशाला नेलास?
आपल्यासारखा दिसला की याचं डोकं फिरतं.
भाऊबंदकी, दुसरं काय!
रंग वेगळा बघ, ठेवण वेगळी बघ.
तोंडात मावेल असा नको. संथ नको. लाजरा तर नकोच नको.
वरच्या पाण्यात पळणारे ने, सिल्व्हर डॉलर,
पण सहा.
एकच नेलास तर त्याला कळतं कुणाला मारायचं.
सहा असले की राग वाटला जातो.
खाली एक प्लेको. अंगावर चिलखत, तोंड काचेला,
कुणाच्या अध्यात ना मध्यात.
आणि सोडायच्या आधी दगड हलव. सगळे.
जुनी मांडणी राहिली तर तो मालक, हे पाहुणे.
सगळ्यांनाच नवं होऊ दे."

कळवा, विटावा, दिघा.
स्कूटरच्या हुकाला दोन फुगलेल्या पिशव्या,
प्रत्येक स्पीडब्रेकरला मी पाय टेकवत आलो.
घणसोली गावात शिरलो तेव्हा पिशव्यांत
सात जण शहाण्यासारखे गप्प.

दिवा मालवला. त्याला पोटभर घातलं. बाही वर करून
हात आत.
त्यानं मनगटाला एकदा धडक दिली, मग बाजूला झाला.
काळा दगड डावीकडून उजवीकडे,
लाकूड आडवं होतं ते उभं,
त्याची कपार होती तिथं नुसतं पाणी.

मग तो फिरत राहिला.
त्या कोपऱ्याशी येऊन थांबायचा, वळायचा,
पुन्हा यायचा.
बाबा असेच थांबायचे
सेक्टरातल्या पेट्रोल पंपापाशी, हवा भरायला म्हणून,
सायकल नसताना.
"बांध हितंच व्हता," एवढंच.
पंपावरचा पोरगा लातूरचा. तो मान डोलवायचा.
त्याचा काय दोष.

आईनं आयुष्यभर खाडीचा मासा विकला.
पाटावर बसून ती काचेकडे बघते:
"यो खावाचा नाय, मंग पोसाचा कनाला?"
मी म्हणतो, बघायचा.
"बघून प्वाट भरतं?"
आणि बघत बसते.

पहिल्या रात्री एक खवला तरंगला, चवलीएवढा.
कुणाचा, कळलं नाही.
दुसऱ्या दिवशी त्यानं लाकडामागची जागा धरली,
एकदा सगळ्यांवर धावून गेला,
सहाही वळले एकदम, चमचे उलटावेत तसे.
कुणावर जायचं ठरेना, तो तोंड उघडं ठेवून थांबला.
प्लेकोनं काच सोडली नाही.

हे टिकेल का, विचारायला अंकलना फोन केला.
म्हणाले, "मासा आहे बाबा. लिहून कोण देणार?
रिकामी टाकी एक धुऊन ठेव."
ठेवलीय. जिन्याखाली, फडकं टाकून.

सकाळी मी उठायच्या आत
आई काचेसमोर असते. बोट लावत नाही,
बाजारात मोजायची तशी ओठांतल्या ओठांत मोजते.
पाच.
मग वाकून फिल्टरच्या मागं.
"हाय. सहा."
पदर खोचते, चहाचं आधण ठेवते.
"वाटा पुरा हाय."